पूलवरचं कव्हर आणि सासूबाईंची हाक

परवा आमच्या निर्मळ गावातल्याच एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. त्यांनीही आता वाडीतली थोडी केळ काढून स्विमिंग पूल बांधायला घेतलाय. "कव्हर कुठलं घेऊ ते सांगा. सगळे म्हणतात, तुम्हाला त्यातलं सगळं कळतं." सासूबाई समोर ओटीवर अबोलीचे वळेसर गुंफत बसल्या होत्या. मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेले, दार लोटलं आणि मग सांगायला लागले. पूलच्या कव्हरबद्दल मला खरंच बरंच कळतं. पण सासूबाईंच्या देखत ते मला कुणालाही सांगता येत नाही. लाज वाटते.

आमच्याकडे पूल आला तो शेजाऱ्यांचं बघून. मुंबईचे लोक शनिवार-रविवारी बंगले शोधत इकडे येतात. समुद्र जवळ आहे, पण त्यांना निळ्या टाइल्सचं पाणी लागतं. आमचं घर तोवर केळीवर आणि फुलांवर चालत होतं, म्हणजे रडतखडत चालत होतं. घराचा पुढचा भाग पाहुण्यांना द्यायचा आणि आपण मागे राहायचं असं ठरलं. प्रश्न होता पूल कुठे बांधायचा. वाडी म्हटली की सावलीच सावली. दिवसभर ऊन लागेल अशी एकच जागा होती, ती म्हणजे बाजूचं सारवलेलं अंगण. थंडीत सासूबाई तिथे राजेळी केळी सोलून वाळत घालायच्या. उन्हात ती आकसत, तांबूस होत, मधासारखी चिकट व्हायची. हीच आमच्या वसईची सुकेळी. आता ती करणारी घरं फार राहिली नाहीत. अंगणात पूल करायचा म्हटल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तुमाला बरा वाटते तसा करा."

तेव्हा त्यांचा आवाज मोठा होता. मोठा म्हणजे किती, तर वाडीच्या त्या टोकाला माझा नवरा केळीला पाणी सोडत असला, तर ह्या ओटीवरूनच त्याला जेवायला बोलवायच्या. एक हाक पुरे. सायकलवरून मासे घेऊन आलेली अर्नाळ्याची कोळीण गल्लीच्या तोंडाशी गेली असली, तरी सासूबाईंच्या हाकेसरशी मागे फिरायची. लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, ह्या घरात रोज कुणाचं तरी भांडण चाललेलं असतं. नंतर कळलं, भांडण नव्हे, चहा झाला म्हणून सांगताहेत.

पहिल्याच हंगामात एका रविवारी पाहुण्यांची दोन-तीन मुलं खोल बाजूला काठावर धक्काबुक्की करत होती. सासूबाई ओटीवरून ओरडल्या, "पान्यात पडशाल रं पोरांनो! मागं व्हा!" मुलं दचकून मागे झाली. मोठी माणसंही दचकली आणि मग हसायला लागली. एक जण म्हणाला, "दादी का तो लाउडस्पीकर है!" एका बाईने 'पान्यात, पान्यात' म्हणून त्यांची नक्कल केली. ती बाई वाईट नव्हती, तिला मजा वाटली, इतकंच. मीही त्यांच्याबरोबर हसले. इतकं हसण्यासारखं काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

नंतर स्वयंपाकघरात मी सासूबाईंना म्हटलं, "आई, पाहुण्यांसमोर असं मोठ्याने बोलत जाऊ नका. ते शांततेसाठी येतात. आणि बोलणंही जरा..." पुढचं वाक्य मी पुरं केलं नाही, पण त्यांना ते कळलं. आणि हे सांगणारी मी कोण? मी गोखिवऱ्याची. कारखान्यांच्या गाळ्यांमागे वाढलेली. तिथे मशीन चालू असलं की 'भात वाढलाय' हेसुद्धा किंचाळूनच सांगावं लागायचं. पण मुंबईच्या पाहुण्यांशी बोलताना मी एक वेगळीच मऊ मराठी काढायचे, आणि त्या मराठीत सासूबाई बसत नव्हत्या.

त्यांनी वाद घातला नाही. "बरा," म्हणाल्या. त्या दिवसापासून पाहुणे असले की त्या कुजबुजून बोलायला लागल्या. मला ते आवडलं. घराला वळण लागलं असं मी नवऱ्याला म्हटल्याचंही आठवतं.

आता कव्हर. सुरुवातीला आमचं कव्हर म्हणजे कामणच्या गोदामांकडून भावाने आणून दिलेली ट्रकची जुनी ताडपत्री. पूलच्या कडेने लोखंडी कड्या ठोकल्या, त्यांना दोऱ्या बांधल्या आणि ताडपत्री खाटेसारखी ताणून बसवली. जांभळीची पानं पडायला नकोत, रात्री कुत्री-मांजरं पाण्यात जायला नकोत, एवढाच हेतू. माझं मलाच कौतुक वाटलं होतं. वापरून वापरून ताडपत्री मातकट झाली, तिच्यावर धूळ बसली, आणि लांबून बघणाऱ्याला तिथे सारवलेलं अंगणच आहे असं वाटावं इतकी ती सपाट दिसायला लागली.

मागच्याच्या मागच्या थंडीतली गोष्ट. रविवारची सकाळ होती, पाहुणे अजून उठायचे होते. वाडीतला राजेळीचा घड पिकला होता. सासूबाई आदल्या दिवशी मला विचारत होत्या, केळी वाळत कुठे घालू म्हणून. मी कामात होते. "घाला हो कुठेही उन्हात," असं म्हणाले. उन्हाची जागा एकच होती आणि ती मीच झाकून ठेवली होती.

मी पाहुण्यांच्या चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा ताडपत्रीचा एक कोपरा पाण्यात गेलेला आणि पाण्यावर सोललेली केळी तरंगत होती. मला पहिल्यांदा रागच आला. पाहुण्यांनी मस्करी केली असं वाटून तोंडात शिवीही आली होती. मग शिडीच्या दांड्याला धरलेला हात दिसला आणि त्या हातातल्या हिरव्या बांगड्या दिसल्या.

सासूबाई गळ्यापर्यंत पाण्यात होत्या. उथळ बाजू होती ती, एरवी त्या सहज उभ्या राहिल्या असत्या. पण केळी मांडायला त्या जिच्यावर गेल्या, ती ताडपत्री त्यांच्या पायांभोवती आणि लुगड्याभोवती गुंडाळली गेली होती आणि वर साचलेलं पाणी तिला खाली ओढत होतं. त्या डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होत्या. तोंड घट्ट मिटलेलं होतं. मी ट्रे टाकला, पाण्यात उतरले, दोऱ्या सोडवल्या. कशा सोडवल्या कुणास ठाऊक, माझी नखं तुटली होती हे नंतर दिसलं.

बाहेर काढल्यावर त्यांना वाकवून, पाठ चोळत मी विचारलं, "आई, हाक का नाही मारलीत? मी इथेच तर होते!" स्वयंपाकघराची खिडकी तिथून पाच-दहा पावलांवर, आणि ती उघडी होती. मी आत चहा गाळताना गाणं गुणगुणत होते. ते त्यांना ऐकू येत असणार.

"घशात पानी गेला," त्या म्हणाल्या.

मी ते मानलं. मानलं म्हणजे, मानायचं ठरवलं. खरं कारण माझ्या समोर उभं होतं, निथळत, थरथरत. पण त्याच वेळी पाहुण्यांच्या खोलीचं दार वाजलं, आणि सासूबाई पुढच्या दाराकडे न जाता वळसा घालून मागच्या दाराकडे चालायला लागल्या. ओल्या लुगड्यात, थंडीत. मी त्यांना अडवलं नाही. पाहुण्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "काही नाही, जरा पाय घसरला." गल्लीत सासूबाईंनीही हेच सांगितलं, वर म्हणाल्या, "माजीच अक्कल गेलेली." शेजारणी मला म्हणाल्या, म्हातारं माणूस म्हणजे लहान पोर, तुम्ही तरी कुठे कुठे बघणार. मी मान डोलावली.

त्यानंतर मी कव्हरच्या मागे लागले. अपराधी माणसाला काहीतरी काम हवं असतं, मला ते मिळालं. व्हिडिओ बघितले, माहिती वाचली, प्लास्टिकचं कापड शिवणाऱ्या गोखिवऱ्याच्या माणसाचं डोकं खाल्लं. ताडपत्री हे पूलचं कव्हरच नव्हे, हे मला तेव्हा कळलं. ती वजन पेलत नाही, उलट पेलेल असं वाटायला लावते. ओझं सहन करणारं जाळीचं कव्हर वेगळं असतं. ते जमिनीत पक्क्या बसवलेल्या खुंट्यांना पट्ट्यांनी ताणून बांधतात. तेही चालण्यासाठी नसतंच, चुकून कुणी पडलं तर झेलण्यासाठी असतं. पावसाळ्यात आमचा पूल बंद, तेव्हा हेच कव्हर. पाणी जाळीतून खाली जातं, वर साचत नाही. वर पाणी साचणारं कव्हर असेल तर ते रोज उपसावं लागतं, नाहीतर त्यात डास होतात आणि महापालिकेची माणसं दारात येतात. शिवाय लहान मूल बुडायला वीतभर पाणीही पुरतं. झावळी पडली की पट्टे तपासायचे, एक जरी सैल झाला तरी सगळं आवळून घ्यायचं.

थंडीत पाणी उबदार राहावं म्हणून फुगे-फुगे असलेलं पातळ निळं कापड पाण्यावर तरंगत ठेवतात. उन्हाळ्यात तेच कापड, पाणी उडून जाऊ नये म्हणून. टँकरचं पाणी विकत घेणाऱ्यांना त्याची किंमत कळते. पण ते कापड सर्वात फसवं. मांजराचंही वजन त्याला झेपत नाही. माणूस खाली गेला तर ते पाण्याला चिकटून बसतं, वर अंधार, कडा कुठे ते सापडत नाही. म्हणून पोहण्याआधी ते पूर्ण काढायचं. अर्धं कधीच नाही. पाण्यात क्लोरीनच्या औषधाचा मोठा डोस टाकला की पूल उघडा ठेवायचा, खाली वाफ कोंडू द्यायची नाही. पूलभोवती कुंपण, कुंपणाला आपोआप लागणारं फाटक. हे सगळं मी केलं. लोक बघायला यायला लागले, मला विचारायला लागले. मी पाहुण्यांना आल्या आल्या उभं करून सगळं सांगायचे. नवरा म्हणायचा, विमानातली बाई बरी, ती पट्टा दाखवून निघून तरी जाते.

सासूबाईंसाठी मी गच्चीवर केळी वाळवायची जागा करून दिली. त्यांनी एकदाही वापरली नाही. जिने चढवत नाहीत म्हणाल्या. पाहुणे असले की कुंपणाच्या बाहेर, जांभळीखाली खुर्चीवर बसून फुलं गुंफायच्या. आवाज तोच, कुजबुजीचा. हळूहळू पाहुणे नसतानाही त्या तशाच बोलायला लागल्या होत्या. नवरा वाडीत असला की त्याला बोलवायला स्वतः चालत जायच्या, दुखरे गुडघे घेऊन. मी बघत होते. बघून, वय झालं, असं मनाशी म्हणत होते.

यंदाच्या जानेवारीत मुंबईहून तरुणांचा एक घोळका आला. ठरलेल्या वेळेच्या आधीच आले. पूलवर निळं कापड होतं. मी त्यांना बजावलं, मी येईपर्यंत हात लावायचा नाही, मी येऊन काढून देईन. नवरा फुलं घेऊन बाजारात गेला होता. मी आत त्यांच्या जेवणाचे बोंबील तळत होते, तेल तडतडत होतं, पंखा घरघरत होता.

मागे कुणीतरी उभं आहे असं वाटलं. सासूबाई होत्या. धापा टाकत होत्या. काहीतरी बोलल्या, मला ऐकू आलं नाही. "काय?" मी वैतागून म्हटलं, कारण तव्यातला बोंबील मोडत होता. त्या जवळ आल्या, माझ्या खांद्याला धरलं आणि कानात म्हणाल्या, "येक पोऱ्या त्या निळ्याखाली गेलाय. वर नाय आला."

मी धावले. त्या पोरांनी कापड अर्धं गुंडाळून ठेवलं होतं आणि पैज लावली होती, झाकल्या बाजूने खालून पोहत जायचं आणि परत यायचं. एक जण मोबाइलवर शूटिंग करत होता, बाकीचे काठावर हसत होते. त्यांना वाटत होतं, तो अजून पोहतोय. कापडाला मध्येच एक टेंगूळ आलं होतं, ते वर यायचं, बसायचं, पुन्हा वर यायचं. तो आतून हाताने ढकलत होता. मी किंचाळले. काय किंचाळले आठवत नाही, पण माझी मऊ मराठी त्यात नव्हती. कापडाचं टोक धरून मी ओढत सुटले, तेव्हा कुठे दोघांच्या लक्षात आलं आणि ते उडी मारून माझ्याबरोबर ओढायला लागले. पोरगा वर आला, निळा-पांढरा, खोकत, ओकत. काठावर पडून रडायला लागला. थोड्या वेळाने उठून बसला, मग पाणी मागितलं, मग आईला फोन लावून काहीतरी दुसरंच बोलला. डॉक्टरला दाखवून आणल्यावर संध्याकाळी तो जेवलाही.

तो वाचला म्हटल्यावर माझी भीती रागात गेली. नेहमीच जाते. मी स्वयंपाकघरात आले. सासूबाईंनी गॅस बंद केला होता आणि करपलेले बोंबील बाजूला काढत होत्या. मी त्यांच्यावरच ओरडले, "आई, तुम्ही तिथेच बसला होतात ना? समोर दिसत होतं ना? एक हाक मारायची, तिथून! त्या काठावरच्या पोरांना तरी सांगायचं! एवढं घराला वळसा घालून आत आलात?"

खुर्चीपासून पूल चार पावलांवर होता. मागच्या दाराने घराला वळसा घालायला त्यांच्या गुडघ्यांना किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. तेवढा वेळ तो पोरगा कापडाखाली होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, तक्रारही नव्हती. आपल्या हातून काही चुकलं का, एवढंच त्या शोधत होत्या.

"पाव्हने होते ना," त्या म्हणाल्या. "तू बोललेली, पाव्हन्यांसमोर नाय."

मी खाली बसले. फरशीवर, तेलाच्या शिंतोड्यांत. त्या सकाळी शिडीला धरून, तोंड घट्ट मिटून, माझं गुणगुणणं ऐकत त्या किती वेळ पाण्यात राहिल्या असतील, हे मी इतके दिवस स्वतःला विचारलं नव्हतं. कव्हरबद्दल विचारत बसले होते. घशात पाणी गेलेलं नव्हतं. बुडाल्या असत्या तरी त्या ओरडल्या नसत्या, कारण सुनेने सांगितलं होतं, आणि सुनेला त्यांच्या आवाजाची लाज वाटत होती. मी त्यांचे पाय धरले. त्या गडबडून म्हणाल्या, "अगो ऊठ, लुगड्याला तेल लागंल."

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला वाटायचं तिचा घसा बसलाय." बस, इतकंच. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी रोज सांगते. आई, मोठ्याने बोला. आई, घर तुमचं आहे. पाहुण्यांना आल्या आल्या कव्हरचे नियम सांगायच्या आधी मी सांगते की ह्या माझ्या सासूबाई, ह्या ओरडल्या की जिथे असाल तिथे थांबायचं. पाहुणे माना डोलावतात. सासूबाई पदराने तोंड पुसत हसतात आणि माझ्या मागे सरकतात.

गेल्या शनिवारी पाहुणे पुढच्या खोलीत सामान लावत होते. मी वाडीत केळीपाशी उभी राहिले आणि तिथून म्हटलं, "आई, मला एक हाक मारा. मी किती लांब आहे बघा. मारा हाक." त्या ओटीवर उभ्या राहिल्या. खांबाला धरलं, छाती भरून श्वास घेतला. मला वाटलं, आता येते. मग त्यांनी पाहुण्यांच्या दाराकडे पाहिलं, आणि पायऱ्या उतरून, गुडघा धरत, सावकाश माझ्यापर्यंत चालत आल्या.

"ऱ्हाऊ दे गो," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "कोनी आयकंल."